चौदाव्या पानावरची वेणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढणे, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, तर रागात लिहीत आहे. राग असला तरी डोकं ठिकाणावर आहे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे.

१. शिंप्याच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्याव्यात. खिडकीजवळचं टेबल हलवू नये, उजेड तिथेच चांगला येतो. बँकेत जे असेल तेही तिचंच.

२. दादाला काही नाही. बाबांच्या दुकानाची पाटी त्याने आधीच नेली आहे. पाण्याचे पंप दुरुस्त करायची आई, पाटीवर नाव बाबांचं. गिऱ्हाईक आलं की आई पाना ठेवून आत जायची आणि बाबा बोटांना ग्रीस फासून बाहेर यायचे.

३. माझे टाक, ब्रश आणि शाई भाचीला. तीस वर्षं याच टाकांनी मी शेगडीपुढची आई आणि वर्तमानपत्रामागचे बाबा काढले. पोटासाठी काढले. त्याची लाज वाटते.

४. चौदाव्या पानाचं मूळ चित्र. धाकटी पाठ्यपुस्तकांची संपादक झाली, तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं की आता आईला पुस्तकात आणायचं. मी आई काढली: मांडीशी पंप, हातात पाना, पाठीवर वेणी. धाकटी चित्र बघून रडली. "ताई, हीच छापायची. शब्द देते," म्हणाली.

पुस्तक आलं. भाची तेव्हा दुसरीत होती. तिनेच विचारलं, "मावशी, या काकांनी वेणी का घातलीय?" आईला मिशी आली होती.

धाकटीने हात झटकले. "अगं, छापखान्यात झालं असेल. मला काय माहीत?" आमच्या धंद्यात दुरुस्ती मूळ चित्रावर करत नाहीत, वर पारदर्शक कागद चिकटवून त्यावर करतात. तो कागद चित्रासोबत माझ्याकडे परत आला. त्यावरची रेघ जाड सुरू होते आणि शेवटी थरथरते. धाकटीला टाक धरायला मीच शिकवलं. ती रेघ मी झोपेतही ओळखीन. परक्याने केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. इथे घरच्याच माणसाने केसाने गळा कापला. आणि तेही धड नाही, घाईत वेणी तशीच राहिली. वीस वर्षं मुलं त्या वेणीवाल्या काकांना हसली.

चित्र भाचीला द्यावं, मिशीच्या कागदासकट. पुन्हा छापलं तर तो कागद काढूनच छापावं.

५. धाकटीला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई सांगतात, म्हणून मुद्दाम तिलाच साक्षीदार केलं आहे. तिने सगळं वाचून सही करावी. या एका गोष्टीवर ती वीस वर्षं गप्प आहे. खरं लिहावंसं वाटलं तर सहीच्या वर जागा सोडली आहे.

ठिकाण: खिडकीजवळचं टेबल
दिनांक: ९ मार्च २०२३
लिहून देणारी: (सही)

साक्षीदार पहिली: डॉक्टरबाई, वरचा मजला. (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. सगळं वाचलं. मिशी माझ्याच हातची. नोकरी जाईल म्हणून केलं. साहेबांनी वेणीही झाकायला सांगितली होती. ती मी झाकली नाही, ताई. (सही)