दुसऱ्यानं भरलेलं काडतूस

एल्बो क्रीक, मोंटाना
१० सप्टेंबर १९९३

चि. आर्डीस अनेक आशीर्वाद.

पत्र आणि हकलबेरीचा मुरंबा दोन्ही पोचले. मुरंब्याला माझ्या इरीनच्या हाताची सर नाही, पण बरणी चाटूनपुसून संपवली, त्यावरून काय ते समज. पिस्तुलाच्या स्पर्धेत तू तिसरी आलीस म्हणे. साठी उलटली तरी तुझी खोड जात नाही. शेरीफच्या माणसांना हरवलंस, आता गाडी जपून चालव, ते टपून बसले असतील.

मोठी बातमी पुढेच आहे. सोडतीत माझं नाव निघालं, नर एल्कच्या शिकारीचा परवाना मिळाला. इतकी वर्षं अर्ज करतोय, आत्ता कुठे नंबर लागला. पुन्हा या जन्मात लागायचा नाही हे मलाही कळतं. म्हणून उत्साहानं घरीच, बाबांच्या टेबलावर, काडतुसं भरली आणि परवा शेजारच्या ड्वेनबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आलो. त्यातलं एक नुसतंच फुस्स झालं. दारू सर्दावली असणार. ड्वेननं उगाच माझ्या हातातली बंदूक हिसकावून घेतली, जणू आभाळच कोसळलं. नळीत अडकलेली गोळी घरी येऊन सळईनं ठोकून काढली, विषय संपला.

माया आहे तशी राहू दे.
तुझा दादा,
सेल्मर

कूपर्स फेरी, आयडाहो
१६ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

परवान्याबद्दल वाचून मी स्वयंपाकघरात नाचले. पुढचं वाचलं आणि खालीच बसले.

दारू सर्दावली म्हणे! तुझ्या त्या कोरड्या ठणठणीत तळघरात बिस्किटसुद्धा सर्दावत नाही. दादा, काडतुसाच्या त्या पितळी पुंगळीत दारू नव्हतीच. नुसती बुडातली ठिणगीची टोपी फुटली आणि तिनं गोळी नळीत ढकलली. आणि ड्वेनला मी काय आज ओळखते? जेवताना मिठाची डबीसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाही तो. त्यानं बंदूक हिसकावली, म्हणजे तू दुसरं काडतूस आत सारलं होतंस. चाप ओढला असतास तर नळी फाटून तुझ्या तोंडावर आली असती. मला हे लिहितानासुद्धा रडू येतंय.

दारू ओतून झाली की पुंगळ्या भोकांच्या फळीत उभ्या करायच्या आणि दिवा धरून एकेकीच्या तोंडातून आत बघायचं, हे बाबांनी आपल्या दोघांना शिकवलंय. तू बघितलं नाहीस असं मी म्हणत नाही. तू बघितलंस आणि तुला दिसलं नाही, याची मला भीती वाटते. तुझं अक्षरही हल्ली ओळ सोडून वर चढतं. यंदाची काडतुसं मी भरते. ऐक माझं.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
तुझी,
आर्डी

एल्बो क्रीक
२१ सप्टेंबर

चि. आर्डीस आ.

दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हेही बाबांनीच शिकवलं, ते बरं विसरलीस. नील्सकाका त्यांचे सख्खे भाऊ. त्यांनी नाताळात डबा भरून काडतुसं दिली. बाबांनी आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी एकूण एक गोळी उपसून सगळी रिकामी केली. काकांना कळलं, ते वर्षभर बोलले नाहीत. तरी बाबांचं चुकलं असं आई कधी म्हणाली नाही.

आता मी या वयात बहिणीच्या हातची काडतुसं घेऊन फिरू? ड्वेन सगळ्या गावाला सांगेल. माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. तू आपली काकडीचं लोणचं घाल.

सेल्मर

कूपर्स फेरी
२५ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

लोणचं घातलंय, तुला एक फोडसुद्धा मिळणार नाही.

बरं बाबा, माझी काडतुसं नकोत. पण एवढं कर. भरलेली सगळी उपस आणि एकेकीतली दारू काट्यावर घाल. काटा तुझी भीड धरणार नाही. सगळ्या बरोबर निघाल्या तर मी माफी मागेन, ड्वेनच्या देखत मागेन, मग तर झालं?

तू माझ्यावर रागावलेला मला चालतोस. इरीनवहिनी गेल्यापासून तुझ्यावर ओरडायला माझ्याशिवाय राहिलंय कोण?

लोभ आहेच, तो तुझ्या परवानगीवर नाही.
आर्डी

एल्बो क्रीक
६ ऑक्टोबर

चि. आर्डीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. सगळी उपसली. आणखी तीन पोकळ निघाली. मी दिवा धरून पाहिलं होतं गं, शपथ. सगळ्यांच्या आत सारखाच काळोख दिसला, मला वाटलं दारूच आहे. बाबांचं ते टेबल, आणि त्यावर मी आता काडतुसं भरायची नाहीत, हे मनाला लागलं.

ड्वेन मला डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेला. लांबचं अजून चांगलं दिसतं, शिकारीला हरकत नाही, पण जवळचं बारीक काम आता सोडा म्हणाली. कोवळी पोर होती, फार हळुवारपणे सांगितलं तिनं. ड्वेननं यातलं अजून कुणालाही सांगितलेलं नाही. गावात कुणाला सांगेल असं मी उगाच लिहिलं.

सोबतच्या खोक्यात माझ्या पुंगळ्या आहेत, धुऊन पुसून. या माझ्याच बंदुकीत उडून तिच्या मापाला फुगलेल्या, तिला अंगच्या कपड्यासारख्या बसतात. भर. किती दारू घालायची ते चिठ्ठीवर लिहिलंय, मोठ्या अक्षरात, हसू नकोस.

पोस्टात विचारून आलो. रिकाम्या पुंगळ्या घेतात, भरलेली काडतुसं टपालानं पाठवू देत नाहीत. म्हणजे ती घेऊन तुलाच यावं लागणार. इरीनच्या खोलीत अंथरूण घातलंय, खिडकीही उघडून ठेवलीय. तू आलीस की एकही उपसून बघणार नाही मी. सरळ बंदुकीत घालीन.

वाट बघतोय. खिंडीत बर्फ पडायच्या आत नीघ.
दादा