आईची उरलेली दोन रोपं

बाबा,

तुमचा आत्ता कुठे डोळा लागला होता, म्हणून न उठवता कामावर निघालेय.

काल “आज अगदी नागपूरचं ऊन पडलंय” म्हणत तुम्ही टोमॅटोची रोपं दिवसभर अंगणात ठेवलीत. ती सगळी करपली. त्यावरून रात्री उपाशी कशाला राहिलात? मिनेसोटातला मे महिना भल्याभल्यांना फसवतो. आई घरात उगवलेली रोपं उन्हावाऱ्याची सवय होईपर्यंत रोज थोडा थोडाच वेळ बाहेर न्यायची.

जाण्याआधी तिनं पेरलेल्यांपैकी आता खिडकीतली कारल्याची दोनच रोपं उरलीत. दुपारी थोडा वेळ मागच्या पायरीवर ठेवा, वारा सुटला की आत आणा. पिठलं गरम करून घ्या.

इथल्या एवढ्याशा उन्हाळ्यात कारली धरतील की नाही, कोण जाणे. घरात ती एकटी आईच खायची. यंदा धरली, तर आपण दोघं खाऊ.

विनीता