काक्षी म्हटल्यावर

शनिवार, जानेवारी. सरावली, जेवणाआधी.

आज महाविद्यालयाच्या गच्चीवर सरांनी मृग नक्षत्रातल्या तांबड्या ताऱ्याकडे बोट दाखवून नाव विचारले. पुढच्या आठवड्यात पाम गावच्या मराठी शाळेत आकाशदर्शन आहे. तिथे मुलांशी कोणी बोलायचे, ते आज ठरणार होते. माझीच जुनी शाळा. मी म्हणाले, "काक्षी." मराठी पुस्तकांत त्याचे हेच नाव आहे; सरांना इंग्रजी नाव हवे होते.

"ही पंचांग घेऊन आली!" मागून कुणीतरी म्हणाले. सगळे हसले. सरही हसले, ते अधिक लागले. तो महाराक्षसी तारा आहे, फुगून त्याचा पृष्ठभाग थंडावला म्हणून तांबडा दिसतो, एक दिवस स्फोट होऊन संपेल, हे सारे मला येत होते. मी वाक्य जुळवेपर्यंत माझ्या वर्गातल्या रिद्धीने तेच इंग्रजीतून सांगून टाकले. दुपारी डबा खाताना मीच तिला समजावले होते! निवड तिची झाली. सर हसले नसते, तर मी बोलले असते? कोण जाणे.

आईला सांगितले, तर म्हणाली, "मंग तू गप का ऱ्हायलीस? तोंड नाय तुला?"

आहे. वेळेवर उघडत नाही.

आत्ता रिद्धीचा निरोप आला: "अगं, त्या मुलांना इंग्लिश कळणार नाही म्हणे. मला सगळं मराठीत लिहून दे ना, प्लीज!"

नकाराची कितीतरी वाक्ये मनात रचली. एकातही चूक नव्हती. पाठवले मात्र एवढेच: "हो गं, उद्या देते."