मेणातला तुकडा

मी, लू थी दिएप, वय एकाहत्तर, राहणार थाय बिन्ह, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे इच्छापत्र पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. मला सांगायची कोणाची हिंमत नाही.

१. घर आणि अंगणातले पपनस मुलगी वी हिला. झाड तोडायचे झाल्यास आधी फळे उतरवून शेजारी वाटावीत.

२. सूक्ष्मदर्शक आणि बचत कॅन्सर-संशोधक डॉ. ता क्वेन यांना. डावे भिंग ढिले आहे, जोर लावू नये.

३. "युद्धात जंगलावर फवारलेल्या विषानेच कॅन्सर झाला याला पुरावा काय?" असे म्हणून ज्या साहेबाने सात माजी सैनिकांचे भरपाईचे अर्ज परत पाठवले, त्याला माझ्या अंत्ययात्रेला बोलावू नये. आलाच तर चहा द्यावा, खुर्ची देऊ नये.

४. पुरावा हवा म्हणून मी त्या सातजणांच्या गाठींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपले. सहाजणांना विचारून घेतले. सातवा माझा नवरा खोई. युद्धात तो त्या विषाने पाने झडलेल्या जंगलातून ट्रक चालवायचा. त्याच्या सोबत्यांचे हात, पाय तिकडेच राहिले. तो म्हणायचा, "मी अख्खा आलोय, अख्खाच जाणार. तुझी सुरी लांब ठेव." काढलेली गाठसुद्धा त्याने सोबत पुरायला मागून घेतली. पुरायच्या बाटलीत मी अर्धीच घातली, उरलेली मेणात ठेवली.

तीन वर्षांनी रीतीप्रमाणे अस्थी वर काढून सुगंधी पाण्याने धुतल्या. थोरल्या वन्संनी, न्हान यांनी, एकेक हाड मोजले आणि म्हणाल्या, "अख्खा आहे हो माझा भाऊ." मी मान डोलावली.

तेव्हापासून पंधरा वर्षे तो अंगणातल्या रांजणापाशी उभा असतो. बोटांवर काहीतरी मोजतो, अडतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

५. बाकी सहा तुकडे उपचार सुरू झाल्यानंतरचे आहेत. औषध सुरू होण्याआधीचा एकच, खोईचा. डॉ. क्वेन म्हणतात, तो नसेल तर बाकीच्यांची तुलना कशाशी करायची? त्याच्या तुकडीतली माणसे अजून आजारी पडत आहेत. म्हणून तो ठोकळा कबरीत जाणार नाही, डॉ. क्वेन यांच्याकडे जाईल. माझा देहही वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. माझी हाडे कोणी मोजू नयेत.

६. भावावर बहिणीचाही हक्क असतो. म्हणून आज सकाळी हे सर्व वन्संना वाचून दाखवले.

"शिकलीस ती माझ्या भावाला फसवायला होय गं?"

"हो."

मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडेही येतो मेला. चुलीपाशी उभा राहून मोजतो. पंधरा वर्षं मला वाटतंय, तेव्हा मोजताना मीच चुकले."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, दिली नाही. "मला काय विचारतेस? त्याला विचार. तेव्हा विचारलं नाहीस ते आता विचार."

गेलेल्या माणसाला विचारायचे तर ताटलीत दोन नाणी टाकतात. एक उलटे, एक सुलटे पडले की होकार. संधी तीनच. माझा यावर विश्वास नाही. तरी नाणी माझ्या मुठीतून सुटेनात, म्हणून वन्संनी घेऊन टाकली. पहिल्या दोन्ही वेळा नकार. तिसऱ्यांदा नाणी थांबायच्या आत त्यांनी ताटलीवर पंजा दाबला.

"हो म्हणाला. सही कर."

पंजा त्यांनी उचलला नाही. मीही उचलायला सांगितले नाही.

सही: लू थी दिएप

साक्षीदार:
फाम लुआन, शेजारी (सही)
दोआन थी न्हान, खोईची थोरली बहीण (डाव्या अंगठ्याचा ठसा, उजवा हात अजून ताटलीवर आहे)

थाय बिन्ह, ९ मार्च २०१२