दाराकडं तोंड केलेल्या होड्या

अण्णा, नव्या घरात तुमचं चित्र आईच्या खोलीत लावलंय. ऑइलपेंटनं प्लायवूडवर काढलेलं तेच, सफाळ्याकडच्या खाडीचं.

बोईसरच्या क्वार्टर्समध्ये सुट्टीच्या दिवशी तुम्ही लुंगी खोचून त्याच्यापुढं बसायचात. मी चित्रकलेच्या परीक्षेहून येऊन अक्कल पाजळली, "अण्णा, लांबचं लहान काढायचं असतं." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "लांब हाय म्हणून बारीक करू व्हय? गप बस." दारावर मासळी घेऊन येणारी मावशी तर हसून बेजार झाली. "भाऊ, होडी काय बैलगाडी हाय, दारात आणून लावायला? पाणी फिरलं की होडीपन फिरते!" साताऱ्याकडच्या माणसाचीच चूक ती. प्रत्येक होडीचं तोंड तुम्ही ज्याच्या त्याच्या घराकडं केलं होतं. तुम्हीही हसलात, पण एकही होडी वळवली नाहीत.

परवा आई चित्रासमोर बसून म्हणाली, "रिटायर झाल्यावर त्यास्नी गावाकडं जायचं हुतं. मीच हितं धरून ठेवलं. मनातनं कुढत गेलं असतील का गं?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ती अजून हेच उगाळत बसते.

मग मी तिच्याजवळ बसून चित्र उलगडून सांगायला लागले. बघ आई, लांबचं लहान न करणाऱ्या माणसानं गावचा डोंगर मात्र कोपऱ्यात बोटभर काढलाय. मधोमध आपली क्वार्टर्सची पिवळी बिल्डिंग, खाडीवर आणून बसवलेली, नारळांपेक्षा उंच. सावली कुठंच नाही. बाहेर जाणारा रस्ता नाही, स्टेशन नाही. एकही होडी निघालेली नाही, सगळ्या घरी पोचल्यात. कुढणारा माणूस असं काढेल का?

आई चित्राजवळ सरकली. "मग मला का नाय काढलं?" असं लटक्या रागानं म्हणाली आणि जेवायला उठली. पोटभर जेवली. मलाही फार बरं वाटलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. डोंगरापर्यंत येईतो निळ्या रंगाचा डबा संपला होता. तुम्ही तळ खरवडून तेवढाच डोंगर काढलात. मी शेजारीच होते. आईला हे मी सांगितलं नाही. नवा डबा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता, तो तुम्ही आणला नाहीत, एवढंच मी धरून बसलेय.