एकतीस झग्यांचे कान

मी, ग्रेथे व्हिंथर, वय एकोणसत्तर, राहणार फोबॉर्ग, बंदराच्या मागच्या गल्लीतले पिवळे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे सांगता येत नाही. गुरुवारी ओडेन्सच्या इस्पितळात त्याची एक झडप बदलायची आहे, म्हणून आज सोमवारी लिहायला बसले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी थोरली बहीण एडेल कालपासून इथे आहे आणि स्वयंपाकघरात विणत बसली आहे. सुयांचा आवाज इथवर येतो. तो दबाव धरू नये.

१. घर आणि बँकेतली शिल्लक समुद्रात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या बोटीच्या पथकाला द्यावी. मला मूलबाळ नाही. एडेलला माझ्या घराची गरज नाही. तिने तसे मला दोनदा सांगितले आहे, त्यातले एकदा मी विचारलेले नसताना.

२. चिनी मातीच्या डोक्याच्या त्रेचाळीस बाहुल्या, मेणाच्या सहा आणि कागदाच्या लगद्याच्या दोन, शहराच्या वस्तुसंग्रहालयाला. त्यांना काचेआड उभे करा, पण वर्षातून एकदा तरी हातात घ्या. बाहुली आडवी केली की डोक्यातले शिसे सरकते आणि डोळे मिटतात. तो आवाज ऐकण्यासाठी मी चाळीस वर्षे जुन्या बाजारांतून हिंडले. केसांचा टोप उचलून मानेवरचा साच्याचा आकडा पाहायचा, आकडा माहितीचा निघाला तर चेहरा कोरा ठेवायचा, विकणाऱ्याला कळू द्यायचे नाही. नवऱ्यांच्या बाबतीत बायका हेच करतात असे ऐकले आहे. मला अनुभव नाही.

३. दुरुस्तीची हत्यारे, म्हणजे हातपाय ओवायचे आकडे, रबरी दोरे आणि डोळ्यांचा डबा, स्वेनबोर्गच्या बाहुली दुरुस्त करणाऱ्या बाईंना. माझ्यासारख्याच एक संग्राहक, श्रीमती लाउरित्झन, यांनी १९७४ साली एक तपकिरी टोप पाहायला म्हणून नेला. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. त्यांच्या बाहुलीला तो शोभत नाही हे मात्र इथे नोंदवते.

४. कागदी बाहुल्यांचे छापील ताव, एकशे बारा, तेही संग्रहालयाला. यातला एकही कापलेला नाही. संग्राहकांत न कापलेल्या तावाला मान जास्त असतो, पण माझे कारण ते नाही. झग्याच्या खांद्यांवर आणि कमरेला पांढऱ्या पट्ट्या असतात, त्या मागे दुमडल्या की झगा बाहुलीच्या अंगावर राहतो. आम्ही लहानपणी त्यांना कान म्हणत असू. तावावर सगळे कान जागच्या जागी आहेत असे दिसले की मला बरे वाटते.

५. निळी पत्र्याची पेटी. हिच्यासाठीच हा सगळा कागद लिहीत आहे.

१९४९ च्या हिवाळ्यात आई जटलंडला क्षयरोगाच्या रुग्णालयात होती. तिथून तिने मला एक कागदी बाहुली पाठवली, माझ्यासारखीच नाकावर ठिपके असलेली. पाठीवर 'ग्रेथे' लिहिले होते. नंतर दर आठवड्याच्या पत्रात एक झगा, जलरंगात. असे एकतीस झगे झाले आणि आई गेली. पत्रे आईबरोबर पुरली, असे बाबांनी मला सांगितले. बाबा बेकर होते, कमी बोलत, आणि माझ्याशी कधी खोटे बोलले नाहीत. दफनाच्या दिवशी मला शेजारी ठेवले होते. परत आले तेव्हा एकतीसही झग्यांचे कान कापलेले होते. अगदी सफाईने. मी सहा वर्षांची होते, एडेल दहा.

तिने कधी नाकारले नाही. त्रेसष्ट वर्षांत मी बारा-पंधरा वेळा विचारले असेल. ती म्हणते, "हो, मीच कापले." कारण विचारले की म्हणते, "लहान होते गं." मला कारण माहीत आहे असे मी धरून चालले आहे. बाहुलीच्या पाठीवर नाव माझे होते.

म्हणून ठरवते ते असे. बुधवार संध्याकाळपर्यंत एडेलने खरे कारण आपल्या हाताने लिहून द्यावे, मग पेटी तिची. न दिल्यास पेटी माझ्या शवपेटीत ठेवून माझ्याबरोबर जाळावी. आणि पेटी कोणाकडेही गेली तरी दुरुस्तीच्या नावाखाली त्या झग्यांना नवे कान कोणी चिकटवू नयेत. जुन्या कागदाला डिंक लावणे हा गुन्हा आहे, मी आयुष्यात एकदाही केलेला नाही.

६. मंगळवार. कलम पाच मी काल एडेलपुढे ठेवले. तिने चष्मा पुसून दोनदा वाचले. मग विणकाम पिशवीत घातले. मला वाटले, निघाली. तिची गाडी चारची होती.

ती म्हणाली, "जाळणार?"

मी म्हटले, तसेच लिहिले आहे.

"म्हणजे बाबांचं राहिलेलं काम तू करणार."

मी तिला बस म्हटले नाही. ती आपणच बसली. पुढचे तिने टेबलाकडे बघत सांगितले. आईची पत्रे पुरलेली नव्हती. प्रत्येक पत्र आम्हाला वाचून दाखवले की बाबा ते बेकरीच्या भट्टीत टाकत. घरात क्षयाचे कागद आहेत हे गावात कळले असते तर आमचा पाव कोणी घेतला नसता. दफनाच्या सकाळी ते बाहुली आणि झगे घेऊन भट्टीकडे निघाले. एडेल दारात आडवी उभी राहिली.

"मी त्यांना म्हटलं, आई फक्त कानांना जीभ लावते. घडी पक्की बसावी म्हणून ओले करते. घरी असताना मी बघितलंय. बाकी कागदाला तिचं तोंड लागलेलं नाही. कानच तेवढे जाळा."

मी विचारले, आई खरेच तसे करायची का.

"कान ओले करायची, हे खरं. बाकीचं मला काय माहीत? मी दहा वर्षांची होते." मग म्हणाली, "त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. कापताना ते शेजारी उभे होते. एकही कान राहू देणार नाहीत हे दिसत होतं. आणि पत्रांचं तुला सांगायचं नाही, हे त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं."

मी म्हटले, बाबांना जाऊन छत्तीस वर्षे झाली.

"तुझ्या पलंगाशी त्यांचा फोटो आहे, ग्रेथे. माझा नाहीये. मला वाटलं, तुला कोणा एकावर रागावायचंच आहे, तर मी चालेन."

चारची गाडी गेली. आम्ही कॉफी केली. ती कोणी प्यायली नाही.

७. कलम पाच रद्द. त्यावरची आडवी रेघ माझी आहे. निळी पेटी बिनशर्त एडेलला.

८. फोटो आहे तिथेच राहील. माझ्यामागे त्याचे काय करायचे ते एडेल ठरवील.

ठिकाण फोबॉर्ग, मंगळवार, १३ मार्च २०१२.
ग्रेथे व्हिंथर

आमच्या दोघांच्या समोर ग्रेथेने शुद्धीवर राहून सही केली. दुसरी साक्षीदार म्हणून माझी बायको येणार होती, तिची कंबर धरली आहे. मी एडेलबाईंना सांगितले, कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, तुमची पेटी जाईल. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला, पेन द्या." हे नोंदवून ठेवतो, नंतर माझ्यावर यायला नको.
प्रेबेन स्कोव्ह, शेजारी, निवृत्त तिकीट तपासनीस, फेरीबोट

मी सही करते. मला मरणानंतरचे काही नको. हिने इस्पितळातून परत यावे.
एडेल व्हिंथर-कूक, बहीण

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: कलम सातही रद्द. निळी पेटी मी आज जिवंतपणी माझ्या हाताने ताईला दिली, म्हणून ती आता या मृत्युपत्रात येत नाही. कागदी बाहुलीही आत आहे. ताईने लगेच पेटी उघडली, पाकिटाच्या कडेची डिंकाची पट्टी कापून तिचे दोन कान केले, जिभेने ओले केले आणि पहिल्या झग्याला लावले. मी हरकत घेतली नाही.
ग्रेथे व्हिंथर
प्रेबेन स्कोव्ह
एडेल व्हिंथर-कूक