हत्याराचा प्रश्न

न्यू बेडफर्ड,
ता. २३ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. देओलिंदा माना हीस,
धाकट्या भावाचा, बेल्मीरोचा, सा. न. वि. वि.

देवदयेनं आम्ही इथं बरी आहोत. तिकडे पीको बेटावर तुम्ही मंडळी, गाई आणि द्राक्षमळा ठीक असतील.

मंगळवारी मायला सरकारचं पत्र आलं. ते मी तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा विश्वासच बसेना. तिला म्हातारपणाची जी मदत दरमहा मिळते, ती ऑगस्टपासून बंद होणार. कारण एवढंच, की ती इथली नागरिक नाही. बावीस वर्षं ती इथं कायमची रहिवासी आहे. शिवणकामाच्या गिरणीत डोळे जाईस्तोवर सहा वर्षं राबली, नागरिकाइतकाच कर भरला. दहा वर्षं भरली असती तर सूट होती म्हणे. कायमचा म्हणजे कायमचा, असं मीच गल्लीभर सांगत आलो. समोरची म्हातारी मायच्या मागाहून आली, पण तिनं नागरिकत्वाची शपथ घेतली होती. तिचा एक पैसा बंद होत नाही.

मदतीबरोबर धान्याची कुपनंही जातात. दवाखान्याच्या कार्डाचाही भरवसा नाही, आणि मायचं इन्सुलिन त्याच कार्डावर येतं. शिवाय तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. आमच्या खालच्या मजल्यावर राहते, पण भाडं घेतलं नाही तर दोन दिवस बोलत नाही.

तरी घाबरू नकोस. या नव्या कायद्याची कुणकुण लागताच मी तिचा अर्ज भरला होता. ८ एप्रिलला मुलाखत आहे, आणि वयामुळे परीक्षा आपल्याच भाषेत होईल. रोज जेवणानंतर मी तिची उजळणी घेतो. काल म्हणाली की या लोकांना राज्यं मोजायला किती आवडतं, पावाचा भाव कुणी विचारत नाही.

सौ. लुसीलियाचा नमस्कार. लोभ आहे, तो समुद्रानं पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
बेल्मीरो


पीको,
ता. १६ मार्च १९९७

चि. बेल्मीरो यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी धारेची बादली तशीच ठेवून खाली बसले. आम्हाला इथं वाटायचं, अमेरिकेचा कागद एकदा मिळाला की बाप्तिस्म्यासारखा, कुणी काढून घेत नाही. माणसाला बावीस वर्षं घरात बसवून ठेवायचं आणि मग पाहुणा म्हणायचं, ही कुठली रीत?

तू उजळणी घेतोस म्हणजे माय पास होणारच. लहानपणी तू कोंबड्यांनासुद्धा पाढे म्हणून दाखवायचास, त्या बिचाऱ्या अंडी देईनात. पण एक विचारते. शपथेत काय काय आहे ते तिला सगळं वाचून दाखवलंस का? ती पोर्तुगालला टाकेल म्हणून नव्हे, देश टाकायला ती भीत नाही. पण तिच्या काही गाठी आहेत. जपून घे.

लाल गाय व्याली. कालवड आहे. मायला सांग, तिला हसू येईल. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी माना, थोरली बहीण,
देओलिंदा


न्यू बेडफर्ड,
ता. १३ एप्रिल १९९७

ती. सौ. देओलिंदा माना हीस,
सा. न. वि. वि.

चार दिवस लेखणी उचलवली नाही. ऐक.

मुलाखतीला दुभाषी म्हणून चर्चमधली दोना ओतीलिया आत गेली, मी बाहेर बाकावर. तिनं सांगितलं ते असं. नद्या, झेंडा, न्यायालय, मायनं एकही प्रश्न चुकवला नाही. साहेबीणबाई खूश. मग तिनं अर्जावरचा एक प्रश्न विचारला, की कायद्यानं मागितलं तर या देशासाठी हत्यार उचलाल का? माझ्या लेखी तो निव्वळ उपचार. अर्जात तिथं 'हो'ची खूण मीच केली होती. शहात्तर वर्षांच्या बाईच्या हातात बंदूक कोण देणार आहे?

माय नाही म्हणाली. बाईनं समजावून पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाहीच म्हणाली.

मी मासळीच्या गोदामातली शीतयंत्रं पुस्तकं वाचून शिकलो, कॉलेजवाले इंजिनियर मला विचारायला येतात, पण एका शब्दावर सगळं थांबलेलं यंत्र मी पाहिलं नव्हतं. मग कायदा वाचून काढला. हत्यार धरणं धर्माला मान्य नाही असं म्हटलं तर तेवढी सूट मिळते. फादर चिठ्ठी द्यायला तयार. मायला सांगितलं, तर म्हणाली की यात कुमारी मातेला कशाला ओढतोस, मादालेना बंदराच्या धक्क्यावर एर्मिनियोदादावर आणि त्या सगळ्या पोरांवर तीर्थ शिंपडून त्यांना आफ्रिकेतल्या लढाईत मारायला पाठवणारा फादरच होता. मी तिच्यावर आवाज चढवला, माना. म्हटलं, दादाला जाऊन एकोणतीस वर्षं झाली, आणि इन्सुलिन रोज लागतं. ती उठून भांडी घासायला लागली.

१७ जूनला पुन्हा बोलावलंय. तू लिही तिला. चौदाव्या वर्षी मास्तरांनी माझं डोकं पाहून मला इकडे औरोरा आत्याकडे धाडायला सांगितलं. त्या डोक्याचा मायला उपयोग नसेल तर काय करायचं ते?

तुझा,
बेल्मीरो


पीको,
ता. ६ मे १९९७

चि. बेल्मीरोस,
आशीर्वाद.

मी तिला लिहिणार नाही. तुलाच लिहिते. आणि हे तिला विचारून लिहीत नाहीये.

मास्तर तुझ्याबद्दल काही बोलले नव्हते. तू हुशार होतास, पण हुशार पोरं गावात आणखीही होती. एर्मिनियोची बातमी तुला अमेरिकेत पोचल्यावर पत्रानं कळली, तू जाऊन महिना झाल्यावर. तार मात्र तू जायच्या आधीच आली होती. मी दारात उभी होते. मायनं तार घेतली, एप्रनच्या खिशात घातली आणि तुझ्यासाठी मका भाजत राहिली. रात्री बापाला एवढंच म्हणाली, की सोळा लागले की सैन्याच्या परवानगीशिवाय हा बेटाबाहेर जाणार नाही, तेव्हा आत्ताच. दुसऱ्या दिवशी दोन्ही गाई विकल्या. तुला कळलं असतं तर तू मायला सोडून गेला नसतास, म्हणून तिनं गावाला तोंडं शिवायला लावली. धक्क्यावर तुला सोडायला आली ती निळा रुमाल बांधून. नाव दिसेनाशी झाल्यावर घरी आली आणि मग काळे कपडे घातले. आजवर तेच आहेत.

आता तूच ठरव, तिनं कशाला हो म्हणायचं. रागावलास तरी लिहीत जा. तुझं पत्र नसलं की हे घर मोठं वाटतं.

देओलिंदा


न्यू बेडफर्ड,
ता. २२ जून १९९७

ती. सौ. देओलिंदा माना हीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावरून परत आलो ते कुठल्या रस्त्यानं, आठवत नाही. मायला काही बोललो नाही.

सतराला दोना ओतीलिया आजारी पडली. दुसरी व्यवस्था नव्हती, तेव्हा बाईनं मलाच दुभाष्याची शपथ दिली. बाई तरुण, स्वभावानं चांगली. तिला पोर्तुगीजचं अक्षर कळत नव्हतं. माय काहीही बोलली असती तरी मी 'हो' म्हटलेलं चाललं असतं. बाईच्या चेहऱ्यावरूनही वाटलं, की तिलाही तेच हवं आहे.

प्रश्न मी मायला पोर्तुगीजमध्ये सांगितला. तिनं हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, मला दोन मुलगे होते. एक त्यांनी नेला, दुसरा मी लपवला. उरलेलं काय हवं ते विचारा, पण बंदूक मी उचलणार नाही आणि उचलीन असं म्हणणारही नाही.

मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. बाईनं लेखणी खाली ठेवली. म्हणाली, हा दुसरा मुलगा आता कुठे असतो? मी सांगितलं, तो मीच.

मायला इंग्रजी येत नाही, पण माझ्याकडे तिनं असं पाहिलं, की मला कळलेलं तिला कळलं.

नकाराचं पत्र टपालानं येईल. ऑगस्टपासून पैसे बंद. लुसीलिया शनिवारची पाळी घेणार आहे, मी रात्रीची दुरुस्ती धरली आहे, आणि इन्सुलिनची किंमत औषधवाल्याकडून लिहून आणली आहे. मला अजून धक्का बसतो तो कायद्याचाच. त्याच प्रश्नाला ब्याऐंशी साली नागरिक होताना मी 'हो' म्हणालो होतो, आणि तो विचारल्याचंसुद्धा मला आठवत नाही. म्हणून माझं काहीच बंद होत नाही.

गाडीत मायनं विचारलं, एवढं सगळं त्या भाषेत मावलं का? मी म्हटलं, मावलं. मग म्हणाली, या महिन्याचं भाडं ती देणारच.

मुलांना आशीर्वाद. आमच्यावर जीव आहे, तो ठेव.

तुझा,
बेल्मीरो